डोक्याचं तेल

तुम्ही हसाल, पण सांगतो. रोह्याच्या कंपनीत मी फिटर. पंपाच्या बेअरिंगला वेळेवर ग्रीस नाय लागलं की सगळी शिफ्ट माझ्या शिव्या खायची. आणि इथं पेणला घरी बायको रोज सांगायची, "अहो, शिलाई मशीन जड चाललंय, येताना तेल आणा." मी रोज विसरायचो.

एका उन्हाळ्यात बघतो तर मशीन मस्त पळतंय. म्हटलं, "तेल कुठून आणलंस?"

"डोक्याचं खोबरेल घातलं."

मी भडकलोच. "अगो, थंडीत गोठतं ते! सगळे पार्ट जाम होतील. फिटरची बायको ना तू?"

"व्हय. मग फिटरनं आणलं का?"

त्याच वर्षी पावसाळ्यात काविळीनं गेली ती.

थंडीत सहज मशीनचं चाक फिरवून बघितलं, तर हलेना. मी पंपाचा फिटर, शिलाई मशीन कधी खोललं नव्हतं; शेजारच्या शिंप्याला बोलावलं. तो म्हणाला, "घासलेटनं धुतो, आत्ता चालेल," आणि त्यानं बाजूची पट्टी काढली. आतून तिच्या केसांचा वास आला.

म्हटलं, "लाव ती पट्टी परत. नाय धुवायचं."

मशीनचं तेल त्या दिवशी मी आठवणीनं आणलं होतं.