चिंचखिंडीतली जाऊबाई

ऐका गं. सुया खाली ठेवा. दिवे गेलेत, उगाच बोटं भोसकून घ्याल. कुसुमच्या बाळाची गोधडी उद्या पुरी करू. "मी नेऊन देते" कोण म्हणालं? बघू मग. आधी ऐका.

माझी सारजा मावशी. दिवेलागणीला तिला सांगावा आला, धाकट्या बहिणीला, म्हणजे माझ्या आईला, कळा सुरू झाल्यात. मावशीनं गोधडी काखेत मारली नि चिंचखिंडीच्या वाटेनं निघाली. घरच्या बायकांच्या जुन्या लुगड्यांची गोधडी. बाळाच्या अंगावर पहिली तीच पडायची. आमच्याकडं म्हणतात, गोधडी जिच्या हातात, बाळ तिच्या ओटीत. वाटेत कुणाला द्यायची नाही!

खिंडीत बाई उभी. कंदील नाही. पायात वहाण नाही.

"कोण गं तू?"

"मी सदाशिवची बायको. तुमच्या बहिणीची जाऊ. बाळ झालंय ताई. गोधडी द्या, मी पुढं पळते."

मावशीनं निरखलं. तोंड जावेचंच. नाकातली चमकीही तीच. पण नवऱ्याचं नाव असं फाडकन? आमच्यात 'धनी' म्हणतात, नाहीतर 'बनीचे बा'. नाव घ्यायचं ते उखाण्यात, तेही चारचौघींनी ढोसल्यावर!

"दोघी जाऊ," मावशी म्हणाली. "तू हो पुढं."

पापणी लवली, तर पुढं कोणीच नाही! वळणावर गेली, तिथं तीच. "दमलात ताई. द्या की." पुढच्या वळणावर दगडावर बसलेली, पुन्हा तीच! मावशीनं गोधडी पदरात गच्च बांधली.

मग घाणेरीच्या जाळीत बाळ रडलं. बारीक. ओलं. हसू नको गं रखमा, तुझ्या दारात रडलं म्हणजे कळेल.

आणि मग माझ्या आईचा आवाज!

"आक्के, बाळ गार पडलं गं. टाक ती गोधडी. हरी दारात रडतोय."

मावशीचा हात गाठीवर गेला. गाठ सुटलीच होती! पण 'हरी'? माझ्या आईनं मरेपर्यंत माझ्या बापाला हरी म्हटलं नाही.

"सटवे!" मावशी ओरडली. "हरीची बायको ना तू? घे उखाण्यात नाव! घे!"

मेलेलीला कुठला नवरा नि कुठली लाज? उखाणा यायचा कुठून?

मग करकर दात वाजले. गोधडीला हिसका बसला! टर्रकन फाटलं काहीतरी. मावशी पळत सुटली, गळा फाडून उखाणा घेत:

"कोंबडं आरवलं, उजाडलं रान,
बाबाजीरावांना ताडीचंच भान!"

तेवढाच येत होता. तोच घोकत पळाली. मेला नवरा जन्मभर कशाला कामी आला नाही, त्या रात्री आला.

घरात बाळ नुकतंच झालेलं. निळं. रडेना. मावशीनं गोधडीत गुंडाळलं, खसाखसा चोळलं, तेव्हा टाहो फोडला. ती पोर मी. गोधडीचा एक कोपरा मात्र खिंडीतच राहिला, माझा डावा पाय उघडाच पडला. रखमा, त्या पायाला हात लाव. वैशाख आहे, तरी बर्फ!

चिंचखिंडीनं जायचं नाही. बुडाखाली मोटारसायकल असली तरी नाही.

आणि काय गं, कोपऱ्यातली, गोधडी नेऊन देणारी? अंधारात का बसलीस? पुढं ये. आधी उखाणा घे.