निळ्या मण्याची मांजर

मांजरदेवी बास्तच्या देवळापुढे रांग लागली होती. लेकीचं लग्न सुखरूप पार पडलं म्हणून नेसमूत नवसाची कांस्याची मांजर घेऊन आली होती. तिच्या पुढे कापडात गुंडाळलेलं गाठोडं छातीशी धरून एक कोळी उभा होता. त्याच्या भुवया सफाचट होत्या. त्याच्या पुढच्या म्हातारीने मागे वळून विचारलं,

"मांजर गेली का रे बाबा?"

"हो, मावशी. घरात सगळ्यांनीच भुवया भादरल्या. पोरं तर जेवायलाही तयार नाहीत."

"फार लळा होता वाटतं?"

"आमची नव्हतीच ती. कालव्यात जाळं टाकलं, त्यात आली."

"अगं बाई! घरची गेली तर भादरतात. परक्या मांजरीसाठी कोण भादरतं?"

"गळ्यात निळा मणी होता, मावशी. कुणाची तरी लाडकीच. घरचे बिचारे अजून शोधत असतील."

"मेल्यावर कुणी गुपचूप टाकली नसेल कशावरून?"

"काहीतरीच काय! असं कोण करेल?"

नेसमूतने मान खाली घातली.

"तुम्ही लग्नघरच्या दिसताय," म्हातारी तिला म्हणाली. "भुवया काय रेखीव कोरल्यात!"

"मग ताई, तुम्हीच हिला एक नाव द्या," कोळी गाठोडं पुढे करत म्हणाला. "पुरताना पुजारी नाव विचारतील. आम्हाला काही सुचेना."

"नेजेम."

"वा! किती पटकन सुचलं हो तुम्हाला!"