बन्सीच्या दाखल्यातला रकाना

— नाय नाय, बसा हो बाई, तो नंबर तुमचा नाय. माझी नात आहे अजून आत, अपेक्षा. तिला डॉक्टरकीला लावायचंय. हसू नका. म्हणजे हसला नाय तुम्ही, पण भुवई जरा वर गेली ना, ती दिसती मला. जात पडताळणीच्या ह्या बाकड्यावर चार हेलपाटे झाले माझे, लई भुवया बघितल्या. मेंढरं राखणारीची नात आन डॉक्टर! मार्क विचारा की. डॉक्टरकीच्या परीक्षेला पाचशे चौदा. पहिल्या खेपेला एकशे एकवीस होते — हां, एकशे एकवीस, लपवायचं काय त्यात — दुसऱ्या खेपेला दोनशे सत्त्याऐंशी, आन औंदा पाचशे चौदा. क्लासबिस काय नाय. माझा लेक बन्सी गारखेड्याला एका बिल्डिंगीत वॉचमन आहे, जिन्याखाली खोली दिलीय, पाण्याची मोटर लावली की भिंत थरथरती. बारावीनंतर तिथं बसून वाचलं तिनं. वरच्या पोरांनी रद्दीत काढलेली पुस्तकं. मीबी वाचते. शाळेचं तोंड बघितलं नाय, पण बन्सीच्या पाटीवर त्याच्यासंगं गिरवलं, आज पेपर वाचते, बातमी खोटी असली तर तेबी कळतं मला.

मग अडलं कुठं? बारावीत अडलं. तीन विषयांचे मिळून एकशे अडतीस, तीनशेपैकी. डॉक्टरकीला जनरलमधून दीडशे लागतात, आमच्या धनगराच्या कागदावर एकशेवीस पुरतात. पुरतात ना, म्हणून तर तिला पुन्हा बारावीला कुणी बसवलं नाय. आता हा कागद पास नाय झाला तर पोरगी जनरलमध्ये जाती, आन तिथं तिचे पाचशे चौदा कुणी बघत बी नाय — बारावीला बारा कमी, फॉर्म बाद. उद्या पाच वाजता शेवट आहे.

ढ नव्हती हो. एकशे अडतीस का पडले ते मला विचारा. सोळा सालचा दुष्काळ आठवतो का? तुमच्या नळाला आठ दिवसाला का होईना, पाणी येत असंल. आम्ही पाचोडच्या पुढं, वस्तीवर. टँकर आला की हंडे धरायला हीच, आन काखेत पुस्तक. मग टँकरबी येईना. धरण आटून त्याच्या पोटात गाळावर जरा हिरवं उगवलं होतं, सगळ्यांनी मेंढरं तिकडं नेली. माझा म्हातारा, फकिरा, खाटेला खिळलेला, त्याला आवडाबाईच्या भरवशावर टाकला, शेजारीण आमची. मी म्हणलं, अपेक्षे, चल. ती म्हणली, आजी, प्रॅक्टिकल आहेत. मी म्हणलं, कॉलेज काय पळून जातंय का? अडीच महिने ती माझ्यासंगं गाळात. परीक्षेला गेली तेव्हा टाचा अशा फाटलेल्या, चप्पल घालवंना. मेंढरं वाचली. साठातली एकेचाळीस वाचली, सांगते ना मी. म्हातारा गेला त्या साली, ते वेगळं.

आन कागद अडला तो बन्सीच्या शाळेच्या दाखल्यानं. आमच्या घरात शाळेत बसलेला पहिला माणूस तोच. सासऱ्याचा कागद नाय, मालकाचा नाय. माझ्या भावाकडं आहेत, पण माहेरचा कागद चालत नाय म्हणतात, बापाकडचाच पाहिजे. आन बापाचा हा एकच, त्यात जातीच्या रकान्यात धनगर नाय. पाटलाच्या पोरांच्या नावापुढं होतं तेच लिहिलेलं आहे. गुरुजींची चूक. चाळीस वर्षं हेच सांगते मी, बन्सीलाबी हेच सांगितलं. पोरं लई, गुरुजी घाईत, वरून खाली एकसारखं लिहीत गेले. आत पोरगी साहेबाला हेच सांगत असंल. गुरुजी भला माणूस होता तसा, चष्म्याला दोरा बांधलेला, दोनदा विचारलं त्यांनी, सारजाबाई, नक्की का —

काय?

व्हय. दोनदा विचारलं म्हणलं मी.

अशा बघू नका. माझ्या भावाच्या पोराला वर्गात दारापाशी बसवायचे, चपलांत. मेंढरांचा वास येतो म्हणून. मी डोळ्यांनी बघितलं ते. बन्सीला न्यायच्या दिवशी मी त्याला दोनदा धुतला, राखेनं घासून धुतला, आन गुरुजींनी जात विचारली तर म्हणलं, पाटलाच्या पोराची लिहिलीय ना, तीच लिहा. गुरुजी म्हणले, नक्की का? म्हणलं, नक्की. बन्सी दुसऱ्या ओळीत बसला. मी खिडकीतून बघितलं आन घरी येईस्तोवर नुसती हसत होते. बावीस वर्षांची होते मी, कागदाला एवढं आयुष्य असतं हे कुणी सांगितलं होतं मला?

मागच्या तारखेला साहेब म्हणला, नाव घालणारं माणूस जिवंत असंल तर समोर आणा, जबाब घेऊ. मी दाराशीच होते. पोरगी म्हणली, कुणी नाय साहेब, गुरुजी वारले. आन मी पदर नीट करत बसले. खरं सांगून तरी काय? तेव्हा खोटं बोललेली बाई आज खरं बोलती, हे साहेबानं कशावरून मानायचं? आन तिच्यासमोर बोलायचं. त्या अडीच महिन्यांचं तिनं एकदा तोंडावर मारलं नाय माझ्या. एकदा नाय. रात्री टाचांना तेल लावून देते तर म्हणती, राहू दे आजी. त्यात हे दुसरं —

दार उघडलं का? तीच ती, निळ्या ड्रेसची. कागद पिशवीत भरतीय. भरतीय म्हणजे? संपलं? ओ शिपाई! थांब, दार लावू नको. मी बन्सीची आई. शाळेत नाव मी घातलं त्याचं, जात मी सांगितली, गुरुजींनी नाय. — मोठ्यानंच बोलणार, आतपर्यंत जायला पाहिजे. अपेक्षे, ते कागद काढ बाहेर. अशी बघू नको, काढ म्हणलं ना. — आन बाई, तुम्ही सोडा माझा हात. सरका.