दीड वाजता उपग्रह येतो

...आणि चूक कोणाची? माझीच! दुसऱ्या कोणाची असणार? आज अकरावा दिवस, खिडक्यांना ओल्या चादरी लावून मी आणि बेनिग्ना मावशी या एका खोलीत कोंडून बसलोय, बाहेर धूर एवढा की अंगणातला आंबा दिसत नाही, सांताक्रूझ शहराकडे जाणारी बस बंद, मावशीची छाती भात्यासारखी वाजतेय... आणि मी कोण? तर परदेशात सहा वर्षं शिकून आलेली, आकाशातून धूर ओळखणारी! तुम्हाला सांगते, वरून सगळं दिसतं!

हे वाक्य गावात आणलं मीच. इथे चिकितानियाच्या या जंगलपट्ट्यात पाऊस यायच्या आधी जो तो आपलं शेत पेटवतो, बापजाद्यांपासून, आणि वारा फिरला की शेताबरोबर जंगलही जातं. मला काही ते बघवेना. सगळं गाव सभेच्या छपराखाली गोळा केलं, गरम गरम कुन्यापे, आमचे चीजचे पाव, खायला घातले, चादरीवर उपग्रहाची चित्रं दाखवली. हा करडा पट्टा म्हणजे धूर, हा तांबूस म्हणजे धूळ, आणि हा लाल ठिपका? ही आग! जिथे ठिपका, तिथे दंड! वरून सगळं दिसतं! सगळे माना डोलावतायत. मला वाटलं, पटलं! तेवढ्यात शेजारच्या सेनोबियो काकांनी टोपी काढली. किती नम्रपणे म्हणून सांगू! "पोरी, हा तुझा उपग्रह... दिवसभर तिथेच ठाण मांडून असतो का?"

आणि मी, अहो मी, आनंदाने सांगितलं! "छे हो काका! दुपारी दीडला येतो न् जातो, मग एकदम मध्यरात्रीनंतर!" बरं, सांगून थांबले का? वेळापत्रक लिहून चर्चच्या दाराला चिकटवलं! लोकांना माहिती नको मिळायला?

मिळाली! दुसऱ्या दिवसापासून दीडला बघाल तर गावात चूल पेटत नाही. बायका दारात उभ्या राहून मलाच विचारतात, "गेला का गं तुझा पाहुणा?" मी म्हणते, गेला. की लगेच आत तोंड करून, "गेला रे! लाव काडी!" मध्यरात्री तो परत येतो तेव्हा नुसती गार राख. नकाशावर आमचं गाव हिरवंगार! वरून सगळं दिसतं म्हणे!

मग वारा पडला, धूर बसला तो उठेचना, आणि मावशीला धाप लागली. मी जिल्ह्याच्या कचेरीत फोन केला, फिरता दवाखाना पाठवा म्हटलं. तिथला साहेब नाकात बोलतो. "बाई, तुमच्या गावावर ठिपकाच नाही. ठिपका तिथे गाडी." अहो पण धूर! "ती धूळ असेल. तांबूस दिसतेय." अहो, माणूस गुदमरतोय इथे! "बाई, हा नियम कोणाच्या अहवालातून घेतलाय, माहितीये का? खाली सही बघा." बघितली. माझीच होती... परदेशातून मोठ्या उमेदीने पाठवलेला अहवाल!

आता बोला! मग म्हटलं, ठिपकाच हवा ना? देते! आज सकाळपासून परसात वाळक्या झावळ्यांचा घराएवढा ढीग रचला, पाण्याच्या बादल्या भरून ठेवल्या, एक पंचवीसला काडी ओढली... ढीग भडकला, मी वर आकाशाकडे बघतेय, ये रे बाबा, बघ रे एकदा... तर मागून धापा टाकत, एका हाताने भिंत धरत कोण यावं? मावशी! जिला चार पावलं टाकवत नाहीत ती मावशी! माझीच बादली उचलली आणि भस्सकन ओतली, दुसरी ओतली, तिसरी... "अगं वेडे," म्हणते, "दीड वाजायला आला! एवढी शिकलीस आणि... वेळापत्रक पाठ नाही?"

आणि ओलीचिंब होऊन दाराशी टेकली. मी तिला धरून आत आणलं. आता बसलोय दोघी, चादरी पुन्हा भिजवल्यात. दोन वाजत आलेत. कुंपणापलीकडून सेनोबियो काका हाक मारतायत, "पोरी, गेला का गं?"

...गेला, काका. गेला.