चार महिन्यांचा फिल्टर

मुदखेड स्टेशनावर माझ्या मागच्या बाकावर बाप-लेक बोलत होते.

"आबा, पाण्यातलं फ्लोराइड गावच्या फिल्टरमधल्या दाण्यांना आधी बाहेरून चिकटतं, मग हळूहळू आत मुरतं. चार महिन्यांत दाणे भरतात. पुढं ते पाण्यातच राहतं."

"बसवणारा तर वर्षभर चालंल म्हनला."

"माझ्या कॉम्प्युटरवरचं गणित चारच सांगतं."

"तुझ्या कॉम्प्युटरनं आपलं पानी पिलंय का?"

"म्हणून तर काल फिल्टरच्या नळाचं पाणी तपासलं. फ्लोराइड लई निघालं."

"फिल्टरला सहा महिने झाले की गं!"

"हाव."

"सरपंच म्हनून मीच समद्यांना म्हनलो, बिनघोर प्या."

"आता?"

"आता आधी नळ बंद करतो, मंग घरोघर जाऊन सांगतो. तुझी गाडी आली बघ."

"जाऊ द्या. मी येते तुमच्यासंगं."