फुगडीची जोडी

डिचोलीच्या स्टँडवर पाळीची बस सुटायला वेळ होता. निवृत्त शिक्षक कृष्णनाथ खिडकीशी बसले होते. मागच्या सीटवर एक आई सातवीतल्या मुलीची उलटतपासणी घेत होती.

“तारा, आज परत कोणाक मारलंस?”

“नाय गे आये. सुमंगला माका भायली म्हणाली. ही आपल्या गावची नाय, हिका फुगडीत घेव नकात, म्हणाली.”

“आणि तू गप रवलंस?”

“हात उचललेलो. मगे बाईंनी सांगलेला तसा नळाकडे जावन तोंड धुतलंय.”

“राग गेलो?”

“नाय. परत जावन धुतलंय.”

“त्यापेक्षा एक लगावूची होतीस!”

“मगे फुगडीतसून नाव गेला असता. बाईंनी आधीच बजावलेला.”

“आता रवला मां नाव?”

“रवला. पण जोडी तिच्याचबरोबर दिली.”

“बरा झाला! गरगर फिरताना हात सोडून दी. पडतली तोंडघशी.”

“माझ्या पण मनात तसाच इल्ला.”

मागे वळून बघायचा मोह कृष्णनाथांनी आवरला.

“मगे?”

“तिचे हात घामान निसटूक लागले. ती भियाली. मगे मीच घट्ट धरले.”

“आणि ती काय म्हणाली?”

“म्हणाली, परत एकदा फिरूया.”