बोअरमधली ठकठक

सगळी चूक माझ्या काकाची, हे आधीच सांगतो. घरात कोणी तोंड उघडत नाही, म्हणून मी बोलतो.

भामरागडकडच्या एका गावात बोअरचा केसिंग पाईप खोलवर चेपला होता. तो आतून फाकवायला आम्ही निमुळता लोखंडी गोळा दोरानं खाली सोडून आपटत होतो. काका दोर मनगटाला गुंडाळून धरायचा. म्हणे, पाईप फाकला की हाताला कळते.

दम खायला थांबलो, तर खालून ठक्‌ असा आवाज आला. मग पुन्हा ठक्‌.

"काका, दोर सोडा. खालून कोनीतरी ठोकून राह्यलं."

"अबे, आपलाच आवाज घुमून राह्यला."

"आपन थांबलो तरी?"

"बारावी सोडलेल्यानं मले बोअर शिकवू नोको."

पाण्यासाठी गुंड, म्हणजे पितळी घागर, घेऊन बसलेली गावातली एक म्हातारी उठली आणि तो तिथंच टाकून निघाली.

"बाई, गुंड राह्यला तुमचा!" मी हाक मारली.

"राहू दे. आता ह्या बोअरचं पानी कोन पिते?"

काका हसला. त्यानं मनगटाला आणखी एक वेढा दिला आणि गोळा उचलायला दोर ओढला. तेवढ्यात कोणीतरी तो खालून ओढला.

काकाचा उजवा हात गेला.